सेव्हची सहा मिनिटं

आमच्या मिरजेच्या घरात एक नियम होता. मिक्सर लावायच्या आधी आईनं स्वयंपाकघरातून ओरडायचं, "लावतेय रे!" बाहेरून दादाचं "लाव" आलं तर बटण दाबायचं, "थांब" आलं तर हात तसाच ठेवून थांबायचं. भाड्याच्या दोन खोल्या, दोन्हींना मिळून एकच जुनी वायर. मिक्सर फिरला की दिवा पिवळा पडायचा आणि दादाचा कॉम्प्युटर मान टाकायचा. बाबा म्हणायचे, आपल्या घरात चटणीलासुद्धा सिग्नल लागतो. श्रावणी सोमवारी मात्र दुपारच्या पूजेपर्यंत आईचं मौन असे, म्हणून तोवर मिक्सरही बंद.

हे १९८८ सालचं. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि दादा, म्हणजे श्रीरंग, सोळा. आज मी एकसष्ट वर्षांची निवृत्त भूगोल शिक्षिका आहे, आई सत्त्याऐंशीची आहे आणि दादा अजून सोळाचाच आहे.

कॉम्प्युटरचं नाव मयूर. बंद पडलेल्या एका क्लासमधून बाबांनी तो आणला होता. रबरी बटणं, पडदा म्हणून घरचाच टीव्ही आणि मेमरी सोळा किलोबाइट. एवढ्यात आज चष्म्याच्या दुकानातून येणारा 'आपला दिवस शुभ जावो' हा चित्रासकटचा निरोपही मावायचा नाही. तो बंद केला की त्यात लिहिलेलं सगळं नाहीसं व्हायचं. म्हणून प्रोग्रॅम कॅसेटवर ठेवायचा. टेपरेकॉर्डर वायरीनं जोडला की मयूर आपला प्रोग्रॅम किर्र-किर्र आवाजात टेपला सांगायचा आणि टेप तो ध्वनिमुद्रित करायची. याला सेव्ह म्हणत. दुसऱ्या दिवशी तीच कॅसेट मयूरला ऐकवली की प्रोग्रॅम परत हजर. दादाच्या प्रोग्रॅमला सेव्ह व्हायला सहा मिनिटं लागायची.

प्रोग्रॅम होता कृष्णेच्या पुराचा. धरणातून किती पाणी सुटलं आणि पाऊस किती झाला हे आकडे दिले की पडद्यावर घाट यायचा आणि पाणी एकेक पायरी चढत जायचं. कोल्हापूरला विज्ञान प्रदर्शन होतं, मंगळवारी. सोमवारी संध्याकाळच्या एस.टी.नं तो निघणार होता.

त्या सोमवारी दुपारी एक वाजता त्यानं शेवटचं तपासायला म्हणून कॅसेट लावली. मयूरनं ती घेतली नाही. पुन्हा लावली, पुन्हा नाही. मग त्यानं वायर काढून कॅसेट नुसतीच वाजवली. किर्र आवाज झाला, आणि त्याच्या शेवटाला माझा आवाज आला. पंधरा ऑगस्टला शाळेत म्हटलेल्या गाण्याची एक ओळ मी टेपवर गायले होते. श्रावणी सोमवारची अर्धी शाळा सुटून मी घरी आले, टेप समोर दिसला, दोन बटणं दाबली, गायले आणि घाबरून बंद केलं. कॅसेट मागे फिरवली नव्हती, जिथं थांबली होती तिथूनच गायले होते, हे मी रडत रडत सांगत राहिले. कुणी ऐकलं नाही. मयूर तर दादानं सेव्ह झाल्यावर, बाराच्या जरा आधीच, बंद केला होता. प्रोग्रॅम गेला होता.

तेवढ्यात शेजारच्या माने यांच्याकडे फोन आला. सांगलीहून दादाचा मित्र नंदू. त्याच्याकडे आठवड्यापूर्वीची एक प्रत होती. "ये, घेऊन जा, अर्ध्या तासाचं काम," तो म्हणाला. दादानं सायकल काढली. आईनं त्याच्या हातात दाण्याचा लाडू ठेवला, तो त्यानं उंबऱ्यातच खाल्ला, आणि सांगली रस्त्यावर एका ट्रकनं त्याला उडवलं.

तेराव्याच्या दिवशी आई मला म्हणाली, "तू कॅसेट पुसली नसतीस तर तो गेलाच नसता." एकदाच म्हणाली. पुन्हा कधी म्हणाली नाही आणि कधी मागेही घेतलं नाही. तिनं मला शिकवलं, माझं लग्न केलं, माझी दोन्ही बाळंतपणं केली. कशात कमी केलं नाही. पण त्या दिवसानंतर तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवल्याचं मला आठवत नाही. मी गाणं सोडलं. पुढे पुढे तर मला वाटायला लागलं की मी कॅसेट मागे फिरवलीच असेन. इतकी माणसं सांगतात म्हणजे असेल. दहा वर्षांच्या पोरीच्या शब्दावर एकसष्ट वर्षांची बाईसुद्धा विश्वास ठेवत नाही.

आईपाशी मात्र एक समाधान होतं. घरी कोणी आलं की ती सांगायची, "जाताना माझ्या हातचा लाडू खाऊन गेला. उपाशी नाही गेला माझा श्रीरंग. कूट अजून कोमट होतं." हे मी हजार वेळा ऐकलं असेल. तिच्या आयुष्याचा हा एकच खांब आहे, त्याच्यावर बाकीचं छप्पर.

गेल्या वर्षी आईला मी माझ्याकडे आणलं. तिच्या माळ्यावरची ट्रंक उघडली तेव्हा तिच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेला मयूर निघाला. टेपरेकॉर्डर निघाला. कॅसेटही होती. तिच्या कडेची खाच दादानं चिकटपट्टी लावून बुजवलेली, म्हणजे भजनाच्या कॅसेटवर प्रोग्रॅम भरता यावा. चिकटपट्टी पिवळी पडली होती. मी ते सगळं उचललं आणि नंदूभाऊकडे गेले.

नंदूभाऊ म्हणजे तोच, नंदकिशोर आरवाडे, आता सदुसष्टचा. पुण्यात चिपांच्या कारखान्यात आयुष्य काढून सांगलीला परतला आणि गणपती पेठेत एका गाळ्यात जुने कॉम्प्युटर परत जिवंत करत बसला.

"दुरुस्त नाही करत मी," तो म्हणाला. "मेलेली चिप दुरुस्त होत नाही. मी ती नव्यानं घडवतो."

त्यानं मला नखाएवढी काळी चौकट दाखवली. ती कोरी चिप. आत कोट्यवधी लहान लहान विजेचे दरवाजे असतात आणि कोणता दरवाजा कोणाला जोडायचा हे कारखान्यात ठरलेलं नसतं. ते आपण लिहून सांगायचं. मयूरचा नकाशा सांगितला की ती मयूर होते. कॉम्प्युटरवर जुन्या कॉम्प्युटरचं सोंग आणणं वेगळं, इथं तारेला तार लागून तेच यंत्र पुन्हा तयार होतं. माणसं हे तीस-चाळीस वर्षांपासून हौसेनं करत आली होती. नवीन होतं ते पुढचं. गेल्या सहा-सात वर्षांत असे क्ष-किरण वाचक आले होते की ते जुनी चिप न फोडता आतला एकेक थर वाचायचे, कुठं झीज आहे, कुठं वीज गळते आहे, तेही. त्यामुळं नंदूभाऊ नुसता मयूर घडवत नव्हता. आमचा मयूर घडवत होता, त्याच्या खोडींसकट.

"आणि आमचा मयूर तयार झाला की?" मी विचारलं.

"मग त्याला ती सहा मिनिटं पुन्हा जगायला लावायची. हा नवा मयूर सहा मिनिटांचं सेव्ह डोळ्याची पापणी लवेपर्यंत करतो. लाखो वेळा करायला लावतो त्याला. दर वेळी मेमरीत थोडा फरक, व्होल्टेजमध्ये थोडा फरक. आणि दर वेळी निघालेला आवाज कॅसेटवरच्या आवाजाशी ताडून बघतो. जेव्हा तंतोतंत जुळतं, तेव्हा कळतं त्या दिवशी आत काय होतं आणि बाहेरून काय झालं."

मी खुर्चीत नीट बसले. मला काय हवं होतं ते मी त्याला स्पष्ट सांगितलं. मला निकाल हवा होता, आई जायच्या आत.

नंदूभाऊनं लगेच होकार दिला नाही. त्याच्याकडे येणारी सगळीच माणसं हौशी नसत, हे मला तेव्हा कळलं. मागच्या वर्षी एक जण बॉयलरचं जुनं नियंत्रक यंत्र घेऊन आला होता. त्याच्या बापावर स्फोटाचा ठपका होता, बाप त्यातच खंगून गेला. यंत्रानं सांगितलं, बापाची चूक नव्हती, झडपेची माहितीच चुकीची येत होती. तो मुलगा आनंदानं उड्या मारेल असं नंदूभाऊला वाटलं होतं. तो इथंच खाली बसून रडला, की मीसुद्धा बापाला मरेपर्यंत बोललो.

"म्हणून मी आता आधी विचारतो," नंदूभाऊ म्हणाला. "उत्तर मिळाल्यावर त्याचं काय करणार, हेमा?"

"आईसमोर ठेवणार," मी म्हणाले. "दुसरं काय करायचं असतं उत्तराचं?"

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. सकाळी दहाला मी गाळ्यात हजर. नंदूभाऊनं चहा मागवला. मग पडद्यावर कॅसेटचा आवाज रेघेसारखा काढून दाखवला.

"हा प्रोग्रॅमचा शेवट. बघ की, शेवटची खूण शाबूत आहे. त्यानंतर दोन सेकंद कोरी टेप. आणि मग तू."

त्यानं बटण दाबलं. एक लहान मुलगी गायला लागली. ओळ अर्ध्यावर आली आणि खट् करून बंद झाली. आवाज सुरेल होता हो. मला माहीत नव्हतं.

"तू मागे फिरवली नव्हतीस," नंदूभाऊ म्हणाला. "तुझ्या गाण्यानं एक अक्षरसुद्धा पुसलेलं नाही."

मी रडले. लाज सोडून रडले. चहावाला कप ठेवून पळाला. एक्कावन्न वर्षांनी माझ्यावर माझा विश्वास बसला होता, आणि त्या क्षणी मला फक्त घरी जायचं होतं. आईपुढं उभं राहायचं होतं.

"मग बिघडलं कशानं?" डोळे पुसत मी विचारलं. खरं तर निघताना विचारल्यासारखं विचारलं. मला त्याच्याशी काही घेणंच उरलं नव्हतं.

"व्होल्टेज पडलंय. सेव्ह सुरू झाल्यावर तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी. मेमरीतले आकडे उलटेपालटे झाले आणि टेपवर तसेच गेले. मोठी मोटार सुरू झाली असणार. हे बघ, मोटारीच्या ठिणग्यांचा आवाजही टेपवर आलाय. कानाला किर्रकिर्रीत कळत नाही. मी तो वेगळा काढलाय. पण मोटार सलग नाही चाललेली. पंप असता तर सलग चालला असता."

त्यानं ऐकवलं. घुर्र, थांबलं. घुर्र, थांबलं. मग बराच वेळ शांत. मग पुन्हा एकच, अगदी छोटं, घुर्र.

नंदूभाऊला ती मोटार होती. मला ती आई होती. दाण्याचं कूट सलग फिरवलं तर त्याला तेल सुटतं आणि गोळा होतो. म्हणून आई दोनदा जरासं फिरवायची, झाकण काढून चमच्यानं खालचं वर करायची, आणि मग एकदा शेवटचं. मीही तसंच करते. तिनंच शिकवलं.

मला तो सोमवार अथपासून इतिपर्यंत दिसला. दादा सेव्ह लावून परसातल्या न्हाणीघरात आंघोळीला गेला. सेव्ह चालू असताना तो टीव्ही बंद ठेवायचा, तेवढाच विजेचा भार कमी. आईनं बाहेर डोकावून पाहिलं असेल. पडदा काळा, पोरगा आंघोळीला, म्हणजे कॉम्प्युटर बंद. संध्याकाळी त्याला एस.टी.नं जायचं, उपासाचं बरोबर काहीतरी द्यायला हवं. सोमवारी पूजेआधी मिक्सर लावायचा नाही हा तिचा स्वतःचाच नियम तिनं लेकासाठी एकदा मोडला. आणि मौन होतं, म्हणून ती ओरडली नाही.

"कशाची मोटार असेल?" नंदूभाऊनं विचारलं.

मी सांगितलं. त्यानं पडदा बंद केला. मग म्हणाला, "मला इतकी वर्षं वाटत आलंय की माझ्यामुळं. मी फोन केला नसता तर तो सायकल काढणारच नव्हता. त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप शिकलो मी." मग चष्मा काढून म्हणाला, "काकूंना सांगणार आहेस?"

"सांगणार," मी म्हणाले.

आणि मी खरंच सांगणार होते. सबंध रस्ता मला राग येत होता, असा राग की रिक्षावाल्याला मी दोनदा चुकीचा पत्ता सांगितला. ओरडली असती एकदा! देवानं काय केलं असतं? आणि तू माझं बालपण खाल्लंस, माझं गाणं खाल्लंस, ज्या चुकीसाठी खाल्लंस ती तुझी होती. वाक्यं तयार होती. शाळेत पस्तीस वर्षं पोरांना फैलावर घेतलंय, मला वाक्यांची कमी नाही.

घरी आले तर खालच्या मजल्यावरच्या नवीन बाई आईजवळ बसल्या होत्या. आई सांगत होती, "...उंबऱ्यात उभ्यानंच खाल्ला. म्हणाला, आई, गूळ मस्त झालाय. उपाशी नाही गेला हो माझा श्रीरंग. कूट अजून कोमट होतं." सांगताना तिचा उजवा हात तळव्यावर लाडू धरल्यासारखा वर आला होता.

मी दारात चपला काढत उभी राहिले. खांब एकच होता आणि तो माझ्या हातात आला होता. बाई गेल्यावर आईनं विचारलं, "कुठं गेली होतीस?" मी म्हणाले, "बाजारात."

चार दिवस मी जेवले नाही धड. सांगायचं ठरवायचे आणि वरणभाताचं ताट पुढं ठेवून परत यायचे. तिनं मरताना तरी खरं जाणावं असं मला वाटायचं. मग वाटायचं, कुणासाठी? पाचव्या दिवशी मी नंदूभाऊला फोन केला. "मिक्सरचं तोंडातून काढायचं नाही," म्हणाले. "पण आईला त्याचा प्रोग्रॅम बघू दे."

रविवारी सकाळी नंदूभाऊ आला. दादाच्याच मयूरच्या खोक्यात त्यानं नवी चिप बसवली होती. रबरी बटणं तीच, 'ए'वरचं अक्षर दादाच्या बोटानं पुसट झालेलं. आईला खुर्चीत बसवलं. बिघडण्याआधी मेमरीत जे होतं ते नंदूभाऊनं आकडान् आकडा परत मिळवलं होतं.

पडद्यावर हिरव्या रेघांचा घाट आला. नंदूभाऊनं पावसाचा आकडा घातला. पाणी हललं. एक पायरी बुडली, दुसरी बुडली. वर ठोकळ्या-ठोकळ्यांचं देऊळ होतं. खाली घाटाच्या पायरीवर एक ठिपका उभा होता आणि पाणी जवळ आलं की तो एकेक पायरी वर सरकत होता.

"तो कोण?" आईनं विचारलं.

"माणूस असेल, काकू," नंदूभाऊ म्हणाला. "श्रीरंगनं घातलेला. मला कधी दाखवला नव्हता."

आई पडद्याला हात लावून बघत राहिली. पाणी देवळाच्या पायरीशी येऊन थांबलं, ठिपका कोरडा राहिला. मग ती वळली. इतक्या वर्षांत तिनं हे पहिल्यांदाच विचारलं.

"चांगलं चालतंय की. मग त्या दिवशी का नाही चाललं रे?"

नंदूभाऊनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडात शब्द आलेला मला दिसला. कोणाच्याही आधी मी बोलले.

"माझ्या गाण्यानं पुसलं होतं, आई. नंदूभाऊनं तपासलं. मीच पुसलं."

आईनं मला जवळ बोलावलं. मी तिच्या खुर्चीशी खाली बसले, गुडघे दुखत असताना बसले. तिनं हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि पिकलेल्या केसांवरून मागे नेला, पुन्हा नेला.

"लहान होतीस गं तू," ती म्हणाली. "एवढंसं पोर. तुला काय कळत होतं? मी उगाच बोलले."

याच वाक्याची वाट बघत मी म्हातारी झाले होते. मिळालं तेव्हा ते दुसऱ्याच कुणाचं होतं. तिला स्वतःला ते जास्त लागत होतं आणि ते तिला कधीच मिळणार नव्हतं. मी तिच्या मांडीवर तोंड ठेवलं आणि म्हणाले, "हो आई."

नंदूभाऊ खिडकीकडे तोंड करून उभा होता. थोड्या वेळानं आई म्हणाली, "त्याला रिकाम्या हातानं पाठवू नकोस. दाण्याचे लाडू कर. भाजलेले दाणे डब्यात आहेत. तुझ्या हाताला येतात चांगले."

मी स्वयंपाकघरात गेले. दाणे भांड्यात घातले, झाकण बसवलं, बोट बटणावर ठेवलं. नवं घर, नवी वायर, मिक्सर फिरला तर कुठला दिवा पिवळा पडणार होता? तरी मी तोंड उघडलं.

"लावतेय गं!"

बाहेरून आईचं लगेच उत्तर आलं, तरण्या बाईच्या आवाजात.

"थांब जरा. त्याचं चालू आहे."

तिला काही कळलं होतं की नुसती जुनी सवय, हे मी विचारलं नाही. बटणावर बोट ठेवून मी थांबले.